वाचकांचे प्रश्न : घेतलेल्या गाडीवर चोरीची नोंद निघाली तर

प्रश्न : वर्ध्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांकडून २०१६ ची बोलेरो साडेतीन लाखांत घेतली. पैसे बँकेतून दिले. आरसी त्यांच्याच नावावर आहे, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्यांनी सह्या दिल्या. ट्रान्सफरला कागद टाकले तर यवतमाळ आरटीओत सांगितलं, गाडीवर चोरीची नोंद आहे, काम होणार नाही. विकणारे म्हणतात, पहिल्या मालकाकडून ही गाडी २०१९ मध्ये पुण्यात चोरीला गेली होती, महिनाभरात सापडली, कोर्टातून त्याला वापस मिळाली आणि मग त्यांनी ती रीतसर घेतली. तर नोंद अजून कशी? आणि मी जाऊ कुठं? (शेतकरी, घाटंजी तालुका)

उत्तर : आधी पुण्याला, यवतमाळला नंतर. ज्या ठाण्यात २०१९ चा गुन्हा दाखल झाला तिथूनच ही गाठ सुटायला लागते. यवतमाळच्या खिडकीवर कितीही चकरा मारल्या तरी पोलिसांच्या कागदाशिवाय तिथल्या माणसाला ती नोंद काढता येत नाही, आणि काढूही नये.

ही नोंद तीन ठिकाणी बसलेली असते. पहिली पोलिस ठाण्यात, म्हणजे गुन्ह्याच्या कागदात आणि सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक प्रणालीत. दुसरी एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, 'वाहन समन्वय' या यादीत. देशभरातल्या चोरीच्या आणि सापडलेल्या गाड्या तिथं नंबरावरून ताडून पाहतात. तिसरी आरटीओच्या 'वाहन' प्रणालीत, जिथं गाडी ब्लॅकलिस्टमध्ये पडते. चोरीची खबर ठाण्यातून पुढं जाते. गाडी सापडल्याची खबर मात्र कुणी मुद्दाम भरली तरच जाते. मालकाला गाडी मिळाली की त्याचं काम संपतं, तपास अंमलदाराची बदली होते आणि 'मिळून आली' ही नोंद राहून जाते. विकणाऱ्यांच्या नावावर गाडी चढली तेव्हा अडलं नाही, कारण पूर्वी पोलिसांची यादी आणि आरटीओची नोंद दर वेळी ताडली जात नसे. आता ताडतात, म्हणून जुने गुन्हे आज वर येतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो गाडी दुसऱ्याच ठाण्याच्या हद्दीत सापडली तर. समजा गुन्हा पुण्याचा आणि गाडी बेवारस सापडली नगरकडच्या रस्त्यावर. तिथल्या ठाण्यानं ती आपल्या नोंदीत जप्त दाखवली. मूळ गुन्ह्याशी ती जप्ती जोडलीच गेली नाही, तर पुण्याच्या संगणकात गाडी आजही चोरीला गेलेलीच आहे. म्हणून विकणाऱ्यांना पहिला प्रश्न हा विचारा : गाडी सापडली कुठं आणि जप्त कुणी केली?

घरून निघण्याआधी दोन कामं उरका. एक, एनसीआरबीच्या, नागरिकांसाठीच्या डिजिटल पोलिस पोर्टलवर गाडीची एनओसी (चोरीची नोंद नसल्याचा दाखला) काढायची सोय आहे. तिथं गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर टाकून पाहा आणि नेमका कोणता नंबर जुळतो ते लिहून ठेवा. तिन्ही जुळले तर तुमचीच गाडी. फक्त गाडीचा नंबर जुळला आणि चेसिस जुळला नाही, तर भानगड वेगळी आहे. तिचं उत्तर खाली एका प्रश्नात आहे. ठाण्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक कळत नसेल तर तुमच्या घाटंजीच्या ठाण्यात आरसी दाखवून सीसीटीएनएसवर पाहायला सांगा. गुन्हा क्रमांक आणि ठाणं मिळालं की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्यावरून खटलाही शोधता येतो.

दुसरं काम चेसिस नंबरच्या पेन्सिल प्रिंटचं. बोलेरो चौकटीवर बांधलेली गाडी आहे. नंबर बॉडीवर शोधू नका, खालच्या लोखंडी चेसिसच्या लांब पट्टीवर ठोकलेला असतो. (मारुतीच्या लहान गाड्यांत तो बॉनेट उघडल्यावर, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर दिसतो.) डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीनं चिखल आणि ग्रीस हळूहळू पुसून काढा. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर लावू नका. ओरखडे पडले की उद्या तपासणारा म्हणेल, नंबर घासलेला दिसतो. जागा कोरडी झाली की पातळ पांढरा कागद चारही कोपऱ्यांना टेपनं चिकटवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासत जा. अक्षरं पांढरी उमटतात. तीन-चार प्रती काढा, पुढं प्रत्येक कार्यालयात लागतील.

आता प्रिंट आरसीशी एकेका अक्षरानं ताडा. हा नंबर १७ अक्षरांचा असतो. महिंद्राचा नंबर 'एमए१' नं सुरू होतो. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच नसतात, म्हणून जिथं गोल दिसेल तो शून्यच. एफआयआर टाइप करताना शून्याच्या जागी ओ पडला असेल तर चेसिस नंबरानं शोधूनही गाडी सापडत नाही आणि माणूस उगाच निश्चिंत होतो. अक्षरं कमीजास्त खोल असतील, ओळ वाकडी असेल, बाजूला ग्राइंडरच्या खुणा, वेल्डिंगची शिवण किंवा तेवढ्याच जागेवर ताजा काळा रंग दिसला, तर थांबा. मग विकणाऱ्याची कहाणी खरी धरून पुढं जाऊ नका. आधी पोलिसांनाच दाखवा. घासून काढलेला नंबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाची प्रक्रिया करून पुष्कळदा वाचता येतो. अशी प्रादेशिक प्रयोगशाळा नागपूरला आहे, अमरावतीलाही आहे.

प्रिंट बरोबर जुळलं तर पुण्याच्या ठाण्यात विकणाऱ्यांना सोबत घेऊनच जा. आरसीवर नाव त्यांचं आहे, त्यामुळं अर्ज त्यांच्या सहीचा हवा. तुमची सही खाली खरेदीदार म्हणून. अर्जात पूर्ण हकिगत लिहायची गरज नाही. एवढं पुरतं : 'गाडी क्रमांक, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक असे-असे. आपल्या ठाण्यातील अपराध क्रमांक अमुक/२०१९ मध्ये ही गाडी चोरीस गेल्याची नोंद आहे. गाडी दिनांक अमुक रोजी मिळून आली व मा. न्यायालयाच्या दिनांक अमुकच्या आदेशाने मूळ मालकास सुपूर्द झाली. तरी सीसीटीएनएसमध्ये गाडी मिळून आल्याची नोंद घ्यावी, तशी माहिती वाहन समन्वयकडे जावी आणि नोंद काढण्याबाबत आरटीओस पत्र द्यावे.' सोबत एफआयआर, जप्ती पंचनामा, कोर्टाचा आदेश, आरसी, खरेदीचा कागद, बँकेचा उतारा आणि पेन्सिल प्रिंट. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

ठाण्यात 'प्रकरण अ समरीत गेलं' असं उत्तर मिळू शकतं. समरी म्हणजे तपास बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल. महाराष्ट्रात 'अ' समरीचा अर्थ गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. चोर सापडला नाही आणि गाडी सापडली, असं पुष्कळदा होतं. समरी मंजूर झाली म्हणून गाडीची नोंद निघत नाही. तेव्हा 'केस बंद आहे' एवढ्या शब्दावर समाधान मानू नका. गाडी मिळाल्याचं लेखी मागा.

या प्रकरणाचा कणा आहे कोर्टाचा आदेश. 'कोर्टातून मिळाली' म्हणजे बहुधा सुपुर्दनाम्यावर मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या सुंदरभाई अंबालाल देसाई निकालापासून गाड्या ठाण्याच्या आवारात सडवत ठेवायच्या नाहीत, बंधपत्र घेऊन सोडायच्या, असा दंडक आहे. २०१९ च्या आदेशावर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४५१ किंवा ४५७ दिसेल. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ४९७ आणि ५०३ ही कलमं आली. सुपुर्दनामा म्हणजे तात्पुरता ताबा. त्यात बहुतेक वेळा अटी असतात : खटला संपेपर्यंत गाडी विकू नये, रंगरूप बदलू नये, मागेल तेव्हा कोर्टात हजर करावी. पहिल्या मालकानं या अटी मोडून गाडी विकली असेल तर त्याची झळ आज तुमच्यापर्यंत येते. म्हणून त्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात नकलेचा अर्ज टाकून आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि अटी वाचा. झेरॉक्स चालत नाही. खटला संपला असेल तर निकालाच्या शेवटच्या भागात मुद्देमालाबाबत एक ओळ असते, गाडी मूळ मालकाकडे कायम ठेवावी अशा अर्थाची. ती ओळ मिळाली तर निम्मं काम झालं. खटला चालू असेल तर पहिल्या मालकानं कोर्टात अर्ज करून विक्रीची परवानगी आणि अट शिथिल करून घ्यायला हवी. हे टाळून पुढं गेलात तर गाडी कधीही हजर करायला सांगू शकतात.

विमा कंपनीचं विसरू नका. पहिल्या मालकानं चोरीचा क्लेम उचलला होता का? क्लेम दिल्यावर कंपनी किल्ल्या, आरसी आणि सह्या केलेले फॉर्म ताब्यात घेते आणि गाडीवरचा हक्क तिच्याकडे जातो. पैसे घेतले आणि नंतर सापडलेली गाडीही विकली असेल, तर ती विकायचा अधिकार त्याला नव्हता. त्या वर्षीच्या पॉलिसीवरून कंपनीकडून 'चोरीचा क्लेम दिलेला नाही' असं पत्र घ्या. उलट गाडी कंपनीनंच लिलावात विकली असेल, तर लिलावाचं विक्रीपत्र आणि कंपनीची एनओसी हाच तुमचा पाया. लिलावातून आलेल्या गाड्यांवर जुनी नोंद राहून गेलेली फार आढळते.

यानंतर आरटीओ. ज्या कार्यालयानं गाडी ब्लॅकलिस्ट केली, त्याच कार्यालयात अर्ज द्या. पुण्याची नोंद असेल तर पुण्यालाच. पोलिसांच्या पत्रावर जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, तिन्ही नंबर, गुन्हा क्रमांक आणि कोर्टाच्या आदेशाची तारीख असल्याशिवाय ते घेऊन निघू नका. यातला एक नंबर चुकला तरी पत्र परत येतं. आरटीओ त्या पत्राची ठाण्याकडून खातरजमा करतं, म्हणून ठाण्यानं ते सरकारी मेलवरूनही पाठवावं अशी विनंती तिथंच करून या. नोंद निघाली की एमपरिवाहन ॲपवर आणि एनसीआरबीच्या पोर्टलवर दोन्हीकडे पाहा. आरटीओत निघाली आणि एनसीआरबीत राहिली, तर पुढं कुठल्यातरी नाक्यावर गाडी पुन्हा अडते. मगच ट्रान्सफरचे कागद पुन्हा टाका. तालुक्याच्या कॅम्पवर विसंबू नका, यवतमाळच्या कार्यालयातच जा.

विकणारे सोबत यायला कां-कूं करत असतील तर त्यांना शांतपणे एक गोष्ट समजावा. आरसीवर नाव त्यांचं आहे तोवर गाडीखाली कुणी आलं, तर भरपाईच्या खटल्यात मालक म्हणून तेच उभे राहतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात हेच सांगितलं. तुमच्यासाठीही सांगतो : तोवर गाडी लांब नेऊ नका आणि दुसऱ्याला विकू तर मुळीच नका. चोरीची नोंद माहीत असून ती लपवून विकली, तर आज निर्दोष असलेले तुम्ही उद्या फसवणुकीचे आरोपी व्हाल.

ठाणं दाद देत नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, पुण्यात पोलिस उपायुक्तांकडे आणि ग्रामीण भागात पोलिस अधीक्षकांकडे, आवक शिक्क्याच्या प्रतीसह अर्ज द्या. सोबत १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढाच प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकतो, तो बऱ्याचदा या प्रश्नामुळं.

प्रश्न : एक एजंट पंधरा हजारांत 'नोंद साफ करून देतो' म्हणतो. द्यावे का? (आर्णी)

उत्तर : नाही. पोलिसांचं पत्र खरं नसेल तर खातरजमेत पकडलं जातं, आणि बनावट कागद वापरल्याचा गुन्हा अर्ज करणाऱ्यावरही येतो, एकट्या एजंटवर नाही. अर्ज लिहून देण्याची, फाइल लावून देण्याची मजुरी द्यायची तर खुशाल द्या.

प्रश्न : नागपूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानातून कार घेतली. चार महिन्यांनी दुसऱ्या राज्यातले पोलिस आले, चेसिस नंबर बदललेला निघाला आणि गाडी घेऊन गेले. माझे ४ लाख २० हजार बुडाले का? गाडी कोर्टातून मला मिळेल का? (वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : गाडी मिळण्याची आशा धरू नका. विकणाऱ्याकडं मालकी नव्हती, तर तुमच्याकडं ती येत नाही. माल विक्री कायदा १९३० च्या कलम २७ चा हा मूळ नियम आहे. तुम्ही प्रामाणिक होतात यामुळं तुम्ही आरोपी होत नाही, पण मालकही होत नाही. खरा मालक किंवा त्याची विमा कंपनी पुढं आली की कोर्ट ताबा त्यांनाच देतं. ताब्यासाठी वकिलावर पैसा ओतण्यापेक्षा दुकानदाराच्या मागं लागा.

जप्ती पंचनाम्याची प्रत हाती नसेल तर आधी ती मिळवा. गाडी गेल्याचा तोच पुरावा. जबाब देताना गाडी कुठून, कधी, किती पैशांत, कुणासमोर घेतली हे तारखांसह सांगा आणि पैसे दिल्याचे कागद तिथंच जोडा. रोखीनं दिले असतील तर बँकेतून काढल्याचा उतारा, दुकानदाराचे फोनवरचे संदेश, सोबत असलेल्या माणसाचं नाव यांतलं जे असेल ते द्या.

मग दोन रस्ते एकाच वेळी धरा. तुमच्या ठाण्यात दुकानदाराविरुद्ध फसवणुकीची फिर्याद द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करा. विकायचा आपल्याला हक्क आहे, ही हमी माल विक्री कायद्याच्या कलम १४ नुसार प्रत्येक विक्रीत धरलेलीच असते. पावतीवर 'माल परत घेतला जाणार नाही' छापलं म्हणून चोरीच्या गाडीचे पैसे दुकानदाराला पचत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, वकील लावणं सक्तीचं नाही, मुदत दोन वर्षांची. नुसत्या खासगी माणसाकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी दावा करावा लागला असता.

आणखी एक दार फार कमी लोकांना माहीत असतं. चोरीचा माल घेणाऱ्या किंवा चोरणाऱ्याला शिक्षा झाली, त्याच्या अटकेच्या वेळी त्याच्याजवळ रोकड सापडली आणि माल मूळ मालकाला परत गेला, तर त्या रकमेतून नकळत खरेदी करणाऱ्याला त्यानं दिलेली किंमत देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९९. तो अर्ज तुम्हालाच करावा लागेल, म्हणून खटल्याच्या तारखांवर लक्ष ठेवा.

प्रश्न : माझी कार मी शोरूममधून नवी घेतली, घराबाहेर कधी राहिलीही नाही. तरी तिच्या नंबरवर चोरीची नोंद दिसते. चेसिस नंबर टाकला तर काही दिसत नाही. (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : दोनच शक्यता. एक तर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या फिर्यादीत नंबर चुकून तुमचा पडला. घाबरलेला माणूस तोंडपाठ नंबर सांगतो, एमएच-२८ च्या जागी एमएच-२९ होतं, मधलं अक्षर बदलतं. नाही तर कुणीतरी तुमच्या नंबराची खोटी पाटी लावून फिरत होता. दुसऱ्या बाबतीत तुम्ही न गेलेल्या गावांची ई-चलानंही आलेली असतात. ती आधी पाहा. चलानावरच्या फोटोत गाडीचा रंग आणि मॉडेल दिसतं.

पहिली चूक असेल तर एफआयआर खोडून दुरुस्त करत नाहीत. त्या गुन्ह्याचा तपास अंमलदार फिर्यादीचा पुरवणी जबाब घेतो, बरोबर नंबर त्याच्या आरसीवरून लिहितो, कोर्टाला तसं कळवतो आणि सीसीटीएनएसमधला नंबर सुधारतो. तुम्ही द्यायचं ते एवढंच : आरसी, शोरूमचं बिल, विमा, चेसिसचं पेन्सिल प्रिंट, आणि नंबर पाटीसह गाडीचा फोटो. तुमचा अर्ज 'नोंद काढा' असा नको, 'नंबर चुकीचा पडला आहे, खात्री करून दुरुस्त करा' असा लिहा. पोलिसांना सुधारता येते ती चूक. खोट्या पाटीचा संशय असेल तर तुमच्या ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्या आणि तिची प्रत गाडीत ठेवा. २०१९ च्या १ एप्रिलनंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी गाडी बनवणाऱ्या कंपनीकडूनच येते. तिच्यावर लेझरनं कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवली की तुटल्याशिवाय न निघणारं कुलूप असतं. खरी पाटी तुमच्या गाडीवर आहे हे त्यावरून दाखवता येतं.

प्रश्न : माह्या भावाले जुनी पिकअप घ्याची हाय. पैसे द्याच्या आंधी काय काय पाहा लागते, ते सांगा. (दर्यापूर)

उत्तर : भावाला सांगा, गाडी दिवसा पाहा आणि पेन्सिल, कागद, टेप खिशात ठेवा. प्रिंट काढून आरसीशी ताडायला पाच मिनिटं लागतात. इंजिन नंबर वेगळा दिसला तर इंजिन बदलल्याची नोंद आरसीत असायला हवी. एनसीआरबीच्या पोर्टलवर तिन्ही नंबर टाकून एनओसी काढा आणि छापून ठेवा. दुसरी किल्ली मागा. ती 'हरवली' असेल तर चोरीचा क्लेम झाला होता का, हे आधी विचारा, कारण क्लेममध्ये कंपनी दोन्ही किल्ल्या घेते. आरसीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म सोबत हवा. समोरचा माणूस आरसीवरचाच आहे का हे आधारवरून पाहा. मधल्या माणसानं नोटरीचा कागद दाखवला तर त्यानं मालकी येत नाही. मूळ नावाचा माणूस समोर आणा. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, २८ नंबरचा फॉर्म, हातात आल्याशिवाय पुढं बोलू नका.

इसार पाच-दहा हजारांच्या वर देऊ नये. इसारचिठ्ठीत तिन्ही नंबर लिहा आणि ही ओळ घाला : 'गाडीवर चोरीची, बोजाची किंवा कोर्टाची नोंद निघाल्यास इसार व दिलेली सर्व रक्कम सात दिवसांत परत करीन.' ही ओळ लिहायला जो नाही म्हणतो, त्याची गाडी घेऊ नका. मोठी रक्कम बँकेतून, आणि तिचा एक हिस्सा आरटीओत नाव चढल्याचा मेसेज आल्यावर.